बन्सीचं मशीन

कोपऱ्यातलं मशीन सुरू झालं, तेव्हा गवराबाईच्या हातात किसाचा गुंता होता. लेथवर लोखंड कातताना निघालेला कीस, लांबलचक, कुरळा आणि तेलानं माखलेला. एक टोक धरून ओढावं, तर सगळा ढीग अंगावर यायचा. समोर छबूबाई पाय रोवून दुसरं टोक ओढत होती. दोघींनी हातांना गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या, तरी बोटांवर चरे होतेच.

गवराबाईचे हात थांबले.

"काय गं?" छबूबाईनं विचारलं.

"त्येंचं मशीन लागलं."

छबूबाईनं कान दिला. पत्र्याच्या शेडमधून येणारी घरघर तिला रोजच्यासारखीच वाटली. दहा मशिनांत एक वेगळं कसं ओळखायचं? "भास हाय तुजा," ती म्हणाली. "त्याच्यावरचं गोनपाट काढायला कोन धजतंय?"

गवराबाईनं पुन्हा टोक धरलं. पण ओढायला जोर लागेना.

चिंचवडच्या माळावरच्या ह्या कारखान्यात विहिरीवर बसवायची तेलाची इंजिनं बनत. गवराबाईचा नवरा बन्सी इथं टर्नर होता. चिखलीचा शेतकऱ्याचा मुलगा, खडकीला काम शिकला आणि कारखाना उघडला तेव्हा पहिल्या माणसांत लागला. कोपऱ्यातलं ते मोठं लेथ त्याच्याकडं होतं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याच मशीनवर त्याचा हात किसात अडकला आणि फिरत्या जॉबनं, म्हणजे कातायला लावलेल्या लोखंडानं, त्याला ओढून घेतलं. पुण्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो राहिला नाही.

फोरमन अर्जुनराव स्वतः चिखलीला आले होते. ओसरीवर बसून, टोपी हातात घेऊन ते म्हणाले होते, "लांब दांड्याच्या आकड्यानं कीस ओढायचा असतो. त्यानं हात घातला. घाई केली." प्रत्यक्ष घडताना कुणी बघितलं नव्हतं, पण माणूस खोटारडा नव्हता. त्यांना तसंच वाटत होतं. बन्सीच्या आईनं, सारजाबाईनं, ते वाक्य उचललं ते आजतागायत खाली ठेवलं नव्हतं. भाकरी थापताना, शेण काढताना, कधीही तिच्या तोंडातून निघायचं, "लहानपनापास्नंच धसमुसळा. कंदी धीर म्हनून न्हाई. हात घालायचं काय नडलं व्हतं मेल्याला?"

मेलेल्याला मेला म्हणायची तिची ती रीत गवराबाईला सुईसारखी टोचायची. पण उलटून काय बोलणार? तिनं तरी कुठं बघितलं होतं?

त्यानंतर ते मशीन कुणी चालवलं नाही. नवा माणूस बसवला, तर तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. माणसं त्याच्या बाजूनं जाताना अंग चोरून जात. खंडेनवमीला सगळ्या मशिनांना हळदकुंकू व्हायचं, त्याच्यासमोर मात्र लांबूनच लिंबू टाकत. दुपारी शेड रिकामी असते तेव्हा ते आपसूक वाजतं, असं दोघातिघांनी शपथेवर सांगितलं होतं.

गवराबाईला ते माहीत होतं. कारण तीही ऐकत होती.

लग्न झाल्यावर सुरुवातीला ती नवऱ्याची भाकरी घेऊन कारखान्याच्या फाटकाशी यायची. दुपारची घंटा झाली की बन्सी पान्यानं मशीनच्या बिडाच्या अंगावर दोन ठोके द्यायचा. टण, टण. म्हणजे आलोच. तेवढ्यानं तिच्या अंगावर कसा गोड काटा यायचा. तो गेल्यावर कंपनीनं तिला मागच्या आवारात कीस सोडवायच्या कामावर घेतलं. जिथं नवरा गेला तिथं बाई कशी जाईल, असं भावकी म्हणत होती. पहिल्याच दिवशी, दुपारी मशिनं थांबल्यावर, आतून दोन ठोके आले. टण, टण.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर सासूनं देवऋषी आणून बसवला असता, आणि त्यानं बन्सीला तिथून हुसकावलं असतं. तिला ते नको होतं. रोज उन्हातान्हात चिखलीहून चालत यायचं, हात चिरून घ्यायचे, ते त्या दोन ठोक्यांसाठी.

कोपऱ्यातलं मशीन पुन्हा लागलं त्या दिवशी दुपारच्या आधीच अर्जुनराव मागच्या आवारात आले.

"गवराबाई, घमेलं घेऊन आत ये. साहेबांना कीस वेगळा काढून हवाय. कोपऱ्यातल्या मशीनचा." एवढं बोलून त्यांनी नजर जमिनीकडं वळवली. "नको वाटत असेल तर छबूबाई येईल."

"म्या येते," गवराबाई म्हणाली.

आत ती कधी गेली नव्हती. तेलाचा वास, फिरते पट्टे, पायाखालची काळी चिकट जमीन. कोपऱ्यात गोणपाट बाजूला टाकलेलं होतं आणि बन्सीचं मशीन उघडं उभं होतं. तिनं त्याला पहिल्यांदाच पाहिलं. तिच्या मनात ते केवढं तरी अक्राळविक्राळ होतं. प्रत्यक्षात ते बैलगाडीएवढं होतं, हिरवट रंगाचं, आणि मुठीशी रंग झिजून लोखंड चमकत होतं. त्या झिजलेल्या जागेवरून तिची नजर हलेना.

मशीनवर हिंदुराव उभा होता. कराडकडचा, बन्सीचा दोस्त. शेजारच्याच लेथवर काम करायचा. तिला पाहून त्याचा चेहरा पडला.

"वयनी, तुमी कशापायी आलासा?"

"बोलावलं म्हनून आले, भावजी."

पलीकडं परचुरे साहेब लोखंड कातायचं टूल हातात धरून उजेडाकडं बघत होते. नवीनच आलेले इंजिनियर, पुण्याहून यायचे; अंगानं किडकिडीत, बोलताना चष्मा सारखा वर ढकलायचे. हिंदुरावानं त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. साहेबांचा चष्म्याकडं गेलेला हात तिथंच राहिला.

"बाई, मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "तुम्ही बाहेर थांबा. दुसरं कुणीतरी येईल."

"मला बघायचंय सायेब."

ते घुटमळले. मग मास्तर मुलांना सांगतात तसं सांगू लागले. बहुधा गप्प उभं राहणं त्यांना जमत नव्हतं. कातताना वापरायचं तेल परदेशातून येतं, आता सरकारनं आयातीवर बंधनं घातलीत, तेल मिळेनासं झालंय. त्याच्याऐवजी पाण्यात थोडं तेल कालवून, दुधासारखं पांढरं करून चालतं का, ते बघायचं. नवी कठीण टिप लावलेली टूलं आलीत, त्यांनी वेग दुपटीनं वाढतो. पण टिप लवकर तुटते. आणि हा एवढा कीस निघतो, त्यातला गुंता भट्टीवाले घेत नाहीत, त्याला चिकटून गेलेलं तेल वाया जातं. "म्हणजे कमी तेलात, कमी नासाडीत, जास्त काम. आणि दणकट मशीन हे एकच आहे," ते म्हणाले. "म्हणून ह्याच्यावर."

गवराबाईला निम्मं समजलं. तिनं घमेलं खाली ठेवलं.

हिंदुरावानं बाह्या कोपरावर चढवल्या, मशीनला हात लावून तो कपाळाला नेला आणि कळ ओढली.

सुरुवातीला काही वाटलं नाही. जॉब फिरत होता, पांढऱ्या पाण्याची धार पडत होती, टूलखालून कीस निघत होता, चकचकीत, निळा होत जाणारा. तो लांबत लांबत खाली लोळला. हिंदुराव लांब दांड्याचा आकडा घेऊन बाजूला उभा होता. तो कीस ओढायला पुढं झाला. आकड्याचं टोक किसाला नुसतं लागलं, आणि खाली पडलेला कीस मागं फिरला. साप शेपटीवरून उलटावा तसा. जॉबला वेटोळं बसलं, आकडा हिंदुरावाच्या मुठीतून सुटला, एकदा गरकन फिरला आणि पलीकडच्या पत्र्यावर जाऊन आदळला.

मशीन बंद झालं. बाकीची मशिनंही एकेक करून थांबली. माणसं जिथल्या तिथं उभी होती.

हिंदुराव आपल्या तळहाताकडं बघत होता. कातडी सोलवटली होती.

"म्या सोडला न्हाई," तो म्हणाला. "सोडायच्या आदीच गेला."

अर्जुनराव पत्र्यापाशी गेले. त्यांनी आकडा उचलला. दांडा वाकला होता. त्यांनी तो हातात फिरवला, एकदा मशीनकडं पाहिलं, एकदा गवराबाईकडं. मग आकडा भिंतीला टेकवून ते शेडच्या बाहेर निघून गेले.

गवराबाई पुढं झाली. जॉबला गुंडाळलेला कीस अजून गरम होता. त्याच्यात तिला आकड्याच्या जागी एक हात दिसत होता, मनगटावर गोंदलेलं नाव असलेला. तिनं डोळे मिटले नाहीत. तिनं पक्कं बघून घेतलं.

दुपारची घंटा झाली. माणसं डबे घेऊन बाहेर गेली, साहेबही गेले. ती घमेल्यात कीस भरत मागं राहिली. हिंदुराव फडक्यानं मशीन पुसत होता. पुसून झाल्यावर त्यानं पाना उचलला आणि बिडावर ठोकला. टण, टण.

गवराबाईच्या हातातलं घमेलं कलंडलं.

"काय झालं वयनी?"

"ह्ये... तुमी?"

त्याला आधी कळलं नाही. मग त्यानं हातातल्या पान्याकडं पाहिलं. "बन्सीची सवय व्हती. त्यो गेल्यापास्नं मीच करतो. सगळी जेवायला गेली की हितं येतो आन् ठोकतो. का ते म्हाईत न्हाई. न्हाई ठोकलं तर घास उतरत न्हाई." तो ओशाळला. "तुमाला वंगाळ वाटलं का?"

"न्हाई," ती म्हणाली.

घमेलं डोक्यावर घेऊन ती बाहेर आली. आवारात छबूबाई भाकरीचं फडकं सोडून बसली होती. गवराबाई तिच्याजवळ बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. छबूबाईला वाटलं, मशीन बघून रडती. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. दोन वर्षं रोज ऐकलेलं एक माणूस आत्ताच्या आत्ता दुसऱ्यांदा गेलं होतं, हे तिला कोण सांगणार?

चाचण्या पुढं बरेच दिवस चालल्या. साहेब रोज टूलला नव्यानं धार लावून घ्यायचे, टिपेच्या वरच्या अंगाला बारीक खाच घासायचे, आणि तो कीस तेवढा वेगळा गवराबाईकडून मागवायचे. खाच उथळ पडली की कीस पहिल्यासारखाच लांब यायचा. जास्त खोल पडली की ठिकऱ्या उडून हिंदुरावाच्या तोंडावर चटके बसायचे, एकदा तर टिपच फुटली. गवराबाई जायची, बघायची, घमेलं भरायची, परत यायची. दुपारी ठोके पडत. आता ते नुसतेच ठोके होते, तरी तिचा हात तेवढ्यापुरता थांबायचा.

ठोके नसले तरी मशीनमध्ये काहीतरी होतं, असं तिला वाटे. सुरू होताना ते एकदा खोल घशातून खाकरल्यासारखं करायचं. हिंदुराव म्हणाला, "पट्टा घसरतोय वयनी." असेल. तिनं त्यावर वाद घातला नाही.

घरी ती ह्यातलं काही बोलली नव्हती. बोलायचं म्हणजे आईला तिच्या लेकाचं मरण उलगडून दाखवायचं.

मग एका सकाळी ती आत गेली, तर आवाजच बदललेला होता. चुलीवर लाह्या तडतडाव्यात तसा. टूलखालून कीस निघत होता आणि निघताक्षणी तुटत होता. करंजीच्या मुरडीएवढे तुकडे, निळे-सोनेरी, टपटप ट्रेमध्ये पडत होते आणि पांढरं पाणी त्यांच्यातून निथळून खाली जात होतं. हिंदुराव हात मागं बांधून उभा होता. आकडा भिंतीलाच होता.

जॉब पुरा झाला. दुसरा लावला. टिप शाबूत होती. परचुरे साहेबांनी ट्रेमध्ये हात घालून ओंजळभर तुकडे काढले, बोटं भाजली तसे टाकले, आणि पहिल्यांदाच हसले. अर्जुनराव जवळ येऊन वाकून बघू लागले. मागोमाग आलेल्या छबूबाईनंही डोकावलं.

"ह्ये तर खोऱ्यानं भरता येतंय," ती गवराबाईच्या कानाशी पुटपुटली. "गुंता न्हाई, काय न्हाई. मंग आपलं काय काम उरलं गं?"

गवराबाईचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. "काय केलं सायेब?" तिनं विचारलं.

साहेबांनी टूल काढून तिच्या हातावर ठेवलं. ऊनऊन, वजनदार. टिपेच्या कडेशी, नखानं कणकेवर रेघ ओढावी एवढी खाच होती.

"येवढंच?"

"एवढंच. कीस ह्या खाचेत वळतो आणि वळता वळता तुटतो. लांबतच नाही. जवळ हात न्यायचं कारणच राहत नाही."

गवराबाईनं त्या रेघेवरून अंगठा फिरवला. "ह्ये आदी करता आलं नस्तं का?"

अर्जुनरावांनी मान खाली घातली. साहेबांनी चष्मा वर ढकलला, मग काढूनच घेतला.

"आलं असतं, बाई," ते म्हणाले. "बाहेरच्या देशांत करतात. इथं कुणी केलं नाही. गरज आहे असं कुणाला वाटलं नाही. आत्ताही तेल वाचवायचं म्हणून निघालं."

तिनं टूल परत दिलं. घमेलं भरलं. लहान तुकड्यांचं घमेलं जड होतं, पण डोक्यावर नीट बसत होतं. कुठं टोक लोंबत नव्हतं. दाराशी अर्जुनराव उभे होते. ते बाजूला झाले.

"गवराबाई," ते म्हणाले, "म्हातारीला सांग. मी म्हणालो होतो तसं नव्हतं ते. किंवा मी येतो सांगायला."

"म्या सांगीन," ती म्हणाली.

संध्याकाळी ती घरी पोचली, तेव्हा सारजाबाई चुलीपुढं बसली होती. तवा तापत होता. मांडीवर गोधडी पसरून म्हातारी दाभणात दोरा ओवायची खटपट करत होती. नजर मंद झालेली, दोरा बाजूनं जायचा. गवराबाईनं हातपाय धुतले, काथवटीत पीठ घेतलं. पहिली भाकरी तव्यावर पडली. हाताची खपली निघाली होती, पीठ झोंबत होतं. तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"कापलं का पुना?" सारजाबाई म्हणाली. "सांबाळून करावं जरा. त्यो गेला तशीच जाशील तूबी. हात घालायचा धसमुसळेपना..."

"आत्याबाई," गवराबाई म्हणाली, "त्येंनी हात घातला न्हवता."

म्हातारीचं दाभण थांबलं.

"कोन म्हनतं?"

"म्या बघितलं. त्याच मशीनवर. लांब दांड्याचा आकडा व्हता हिंदुरावभावजींच्या हातात, त्यो किसानं आसा वढून नेला. अर्जुनरावबी व्हते तितं. त्येबी म्हनाले, तसं न्हवतं."

"मंग हात कसा गेला त्येचा?"

गवराबाई उठली. हातावरचं पीठ झाडून सासूच्या समोर बसली. गोधडीच्या दोऱ्याचं रीळ तिनं उलगडलं. दोऱ्याचं एक टोक उलथन्याच्या दांड्याला बांधलं, बाकीचा दोरा सारजाबाईच्या बोटांशेजारी मोकळा सोडला. बोटांना तो लागतही नव्हता.

"ह्ये मशीन," ती म्हणाली, "आन् ह्यो कीस. तुमी हात लांबच ठिवा."

मग तिनं दोन्ही तळहातांत धरून उलथनं गरकन फिरवलं. दोरा उसळला, उलटा फिरला आणि म्हातारीच्या दोन बोटांवर आवळला. सारजाबाईनं हात मागं घेतला, पण तोवर वेढे बसले होते.

ती बोटांकडं बघत राहिली.

"येवढं पटदिशी?"

"ह्याच्याहून."

चुलीत लाकूड सरकलं. बाहेर कुणाची तरी गुरं परत येत होती. दोन वर्षांत सारजाबाईनं जे विचारलं नव्हतं, ते तिनं आता हळू आवाजात विचारलं.

"दुखलं आसंल का गं त्येला?"

न्हाई म्हणावं, असं गवराबाईच्या मनात आलं. शब्द जवळच होता. पण ह्या घरात बन्सीबद्दल एक चुकीचं वाक्य पुष्कळ दिवस राहिलं होतं.

"दुखलं आसंल," ती म्हणाली.

सारजाबाईनं मान हलवली. दोरा सोडवायला गवराबाई पुढं झाली, तर म्हातारीनं हात मागं घेतला नाही आणि पुढंही केला नाही. दुसऱ्या हातानं ती दोऱ्याखालची आपलीच बोटं हलके हलके चोळत राहिली, लहान पोराची चोळावीत तशी. तव्यावरची भाकरी करपू लागली होती. वास दोघींनाही येत होता. कुणी उठलं नाही.